आधी पुठ्ठ्यावर, मग गाडीत!

पुण्याहून सांगलीला जाताना खंबाटकी लागला की गाडीचा खरा स्वभाव कळतो. माझ्या जुन्या मारुती 800 चा असाच कळला. अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय, इंजिन बोंबलतंय आणि गाडी काही पुढे सरकत नाही! मागच्या सीटवर आई-बाबा, त्यांच्या मागे ट्रकची रांग. इंजिनचं काम होऊन जेमतेम आठवडा झाला होता, बॉस!

रडतखडत साताऱ्यातलं एक गॅरेज गाठलं. तिथल्या काकांनी गाडीखाली डोकं घातलं. ‘क्लच प्लेट तेलात न्हालीय. मागचं ऑइल सील गळतंय. इंजिन चढवायच्या आधी कुणी बघितलं न्हाई व्हय?’

नव्हतंच बघितलं. शनिवारी गाडी पाहिजेच, अशी घाई मीच केली होती. दुखरा गुडघा घेऊन बाबा आईसोबत एसटीत चढले. बोलले काहीच नाहीत. तेच जास्त लागलं.

हे सील म्हणजे रबराची साधी रिंग. स्वस्तात मिळते, पण बसते फ्लायव्हीलच्या मागे. बदलायची तर गिअरबॉक्स, क्लच, सगळं उतरवा. म्हणजे बिल पार्टचं नाही, मजुरीचं! इंजिन बाहेर असताना मात्र ते समोरच दिसतं.

काकांनी इंजिनच खाली घेतलं. त्यांची पद्धत एकदम सोपी. इंजिन डिझेलने धुवायचं, कोरडं करायचं. लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचं. स्टँडवर बोल्ट केलं तर नेमकी मागची बाजू झाकली जाते. ऑइल मापात भरायचं. स्पार्क प्लग काढून क्रँक पान्याने फिरवायचा, म्हणजे पंप तेल वर ढकलतो. मग दोन्ही टोकांची सीलं, व्हॉल्व्ह कव्हर, चेंबरचं गॅस्केट, फिल्टर, प्रेशर स्विच, सगळीकडे पावडर मारायची. हो, तीच, आपली अंघोळीनंतरची! खाली स्वच्छ पुठ्ठा आणि रात्रभर हात लावायचा नाही.

सकाळी पावडर जिथे ओली, तिथे गळती. फक्त एक लक्षात ठेवा : तेल खाली ओघळतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला डाग शोधायचा. आमच्या पुठ्ठ्यावर एकच थेंब पडला होता, प्रेशर स्विचखाली. वॉशर बदलला, काम फत्ते!

काही गळत्या इंजिन तापल्यावरच दिसतात. म्हणून गाडीत बसवल्यावरही थोडा वेळ चालू ठेवून पुन्हा खाली वाकून बघाच.

‘इकडं इंजिन म्हंजे घरचा विषय,’ काका हसले. खरंय. साताऱ्यात कूपरची डिझेल इंजिनं बनतात आणि पुढे सांगली जिल्ह्यात लक्ष्मणरावांनी 1910 मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी आहे. या पट्ट्यातल्या माणसाला मशीन शिकवायला जाऊ नये.

पुढच्या शनिवारी सांगलीला पोचलो. बाबा आधी गाडीखाली वाकले, मग माझ्याकडे बघितलं. ‘कोरडी आहे,’ म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.