पाच लाख म्हणजे किती?

परवा गिरगावात मामाकडे गेले होते. चहा होईपर्यंत त्याने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि जाहीर केलं, "मेडिक्लेम बंद करतोय. ते सत्तरीनंतरचं सरकारी कार्ड आलंय ना, मग हप्ता कशाला भरू?"

मामा ७४ वर्षांचा. जन्म फोर्टात नोकरी करण्यात गेला, इंग्रजी माझ्याहून चांगलं. एलआयसीचा बोनस तोंडी काढतो. म्हणून "म्हाताऱ्यांना इन्शुरन्समधलं काही कळत नाही" असं कुणी म्हटलं की मला रागच येतो. एलआयसी बरी कळते! कारण तिथे पैसे परत येतात. मेडिक्लेम १९८६ मध्ये आली, पण आमच्या घरांत ती कायम "फुकट जाणारे पैसे" या खात्यात. आणि त्या खात्याच्या अटी कोण वाचतो? वाचतात एकच आकडा. पाच लाख.

याच आकड्याने दोन वर्षांपूर्वी मामाला फसवलं. ऑपरेशन झालं. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. हॉस्पिटलने दिलेली खोली ८,००० ची. मामाचा हिशोब सरळ: रोजचे ३,००० आपण भरू, चार दिवसांचे १२,०००. पण मेख पुढे होती. खोली महाग घेतली की सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. (औषधांना लागत नाही, हे नशीब.) हे बिल १,६०,००० होतं, त्यातले मंजूर झाले १ लाख. एकूण ७२,००० मामाच्या खिशातून. पाच लाखांची पॉलिसी असून!

तेव्हापासून तो त्या पॉलिसीवर रुसला आहे, आणि आता हातात कार्ड आलंय. आयुष्मान भारत २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना लागू झाली. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. चांगलीच गोष्ट आहे. पण घरात मामा-मामी दोघंही सत्तरीपुढचे, म्हणजे ते पाच लाख दोघांत मिळून. शिवाय कार्ड चालतं ते योजनेतल्या हॉस्पिटलांतच. मुख्य म्हणजे खासगी मेडिक्लेम असली तरी हे कार्ड ठेवता येतं. एक सोडून दुसरं घ्यायचं, असा प्रश्नच नव्हता. तो मामाने स्वतःच घातला, कारण त्याला कुणी सांगितलंच नाही. एकदा मेडिक्लेम सोडली आणि पुन्हा घ्यायची झाली, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वयाच्या ७५ व्या वर्षी तीन वर्षं!

माझं भांडण इथे आहे. १ जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी पॉलिसीबरोबर सोप्या शब्दांतलं माहितीपत्रक द्यायचं आहे, आणि ग्राहकाने मागितलं तर त्याच्या भाषेत. मागितलं तर! जे मिळतं हेच ठाऊक नाही, ते मागणार कसं? माझ्या मते ते न मागता मराठीत यायला हवं, आणि त्यात मामाच्या बिलासारखं एक उदाहरण आकडे मांडून सोडवलेलं हवं. "प्रपोर्शनेट डिडक्शन" या शब्दावरून काय डोंबल कळणार? १,६०,००० चे १ लाख झालेले मात्र कुणालाही कळतात.

असो. मामाने हप्ता भरला. आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, त्याचाही थोडा हातभार लागला म्हणा. मग एजंटला फोन लावून मराठी पत्रक मागितलं.

"काका, तुम्हाला तर इंग्रजी येतं," एजंट म्हणाला.

"येतं रे," मामा म्हणाला, "पण मामीला वाचायचंय. दाखल मी होणार, धावपळ ती करणार."

पत्रक अजून आलेलं नाही. मामी रोज विचारते.