शिवारातला नाला कोणाचा?

जळगाव-धुळ्याच्या शिवारात नाल्याचा विषय निघाला की तीन मतं ठरलेली असतात. नाला सरळ आणि खोल केला की पाणी वाढतं, हे पहिलं. नाल्याला जागा सोडणं म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणं, हे दुसरं. तिसरं शहरातून येतं: ओढे-पाणथळी जगवायच्या तर शेतीला तिथून हटवा. तिन्ही मतं मांडणारे मनापासून बोलतात आणि तिन्ही चुकतात. पहिल्या मताने खानदेशाचं सर्वांत जास्त नुकसान केलं आहे, म्हणून त्याचाच विचार आधी आणि सविस्तर करू.

या मतामागे शिरपूरचा दाखला असतो, आणि तो खोटा नाही. भूजल विभागातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004 पासून शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल केले आणि त्यांवर बिनदाराचे सिमेंट बंधारे बांधले. आमदार अमरीश पटेल त्यांच्या पाठीशी उभे राहिले. विहिरींना पाणी आलं, हे पाहायला राज्यभरातून माणसं गेली. पण ते का आलं, हे पाहून परतलेली माणसं थोडी. तापीकाठी गाळाची भूमी आहे, आणि तीत पिवळ्या चिकण मातीचे जाड थर आहेत. त्यांतून पाणी खाली उतरत नाही. तो थर फोडून खालच्या वाळूपर्यंत वाट केली की पाणी मुरतं. तिथल्या भूगर्भाला लागू पडणारं ते काम होतं आणि ते भूवैज्ञानिकाने केलं होतं.

आता तापी ओलांडून दक्षिणेला या. साक्री, धुळे, पारोळा, चाळीसगाव हा मुख्यतः काळ्या पाषाणाचा मुलूख. इथे मातीखाली मुरूम, आणि मुरमाखाली कठीण खडक. विहिरीला जे पाणी लागतं ते त्या मुरमातलं आणि खडकाच्या भेगांमधलं. नाल्याचा तळ मुरूम कापत खडकापर्यंत नेला तर दोन्ही काठांच्या शेताखालचं पाणी पाझरून नाल्यात येतं. अश्विनात नाला तुडुंब दिसतो, छायाचित्र छान येतं. पण तेच पाणी मुरमात राहिलं असतं तर हरभऱ्याला पुरलं असतं. उघड्या खड्ड्यात ते उन्हाने आटतं, नाहीतर कडेच्या मोठ्या मोटारीने एका शेतात जातं. शिरपूरचं औषध नाडी न पाहता गावोगाव वाटलं गेलं. 2014 अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांच्या 2020 साली मांडलेल्या अहवालाने ठेवला. त्या अभियानात चांगली कामंही झाली. पण यंत्राचे तास मोजून नाल्याचं भलं झालं असं मानण्याची सवय तिथेच पक्की झाली.

सरळ करण्याचं तर समर्थनच होऊ शकत नाही. नाला वळणं घेतो तेव्हा पाण्याचा जोर मोडतो. वळणाच्या आतल्या बाजूला वाळू बसते, बाहेरच्या बाजूला डोह पडतो. तो डोह चैत्रापर्यंत गुरांना पाणी पुरवतो, माशांची वीण जगवतो आणि आजूबाजूच्या विहिरींना पाझर देतो. वळणं काढून नाला सरळ केला की पावसाळी लोंढा वेगाने धावतो, काठ खचतो आणि ज्याने चार गुंठे मिळवायला नाला सरळ करून घेतला त्याच्या खालच्या शेजाऱ्याची माती वाहून जाते. ही माती कुठे जाते ते पाहायचं असेल तर भुसावळजवळ हतनूर धरण पाहावं. तापी-पूर्णेने आणलेल्या गाळाने त्याचा मोठा हिस्सा व्यापला आहे. धरणातला गाळ उपसून पुन्हा शेतात टाकायला सरकारला 2017 मध्ये वेगळी योजना काढावी लागली. योजना चांगली आहे, पण ती माती शेतातच अडली असती तर ना उपसा लागला असता ना वाहतूक.

31 ऑगस्ट 2021 ला कन्नड घाटाच्या परिसरात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात घुसलं. असा पाऊस कोणी थांबवू शकत नाही. मात्र वरच्या शिवारात पसरायला जागा नसलेलं पाणी खालच्या बाजारपेठेत जागा शोधतं, एवढं तरी त्या दिवसापासून आपण शिकायला हवं.

डेन्मार्कमध्ये स्क्येर्न नावाची नदी आहे. 1960 च्या दशकात शेतजमीन मिळवण्यासाठी तिथल्या सरकारने ती सरळ करून पाणथळी आटवल्या. पुढे 2002 पर्यंत त्याच देशाने मोठा खर्च करून तिला पुन्हा वळणं दिली आणि सुमारे 2,200 हेक्टरांवर पाणथळ परत आणली. शेतकऱ्यांकडून तिथली जमीन घेताना बदल्यात दुसरीकडची जमीन देण्याचा मार्गही वापरला. श्रीमंत देशाला दोनदा खर्च परवडला. आपल्याला एकदाच नीट करणं भाग आहे.

दुसरं मत शेतकऱ्याचं, आणि त्याची भीती मला हसण्यावारी न्यायची नाही. ज्याच्याकडे दीड-दोन एकर कपाशी आहे त्याला काठाची दहा फूट पट्टी सोडायला सांगणं सोपं नसतं. पण दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे नदी-नाल्यांचे तळ ही शासनाची मालमत्ता आहे. तेव्हा नाल्याच्या तळात घुसलेली नांगरट ही कोणाची वडिलोपार्जित जमीन नव्हे. आणि 'पाणथळ' शब्द आला की जमीन गेली, ही अफवा आहे. 2017 च्या पाणथळ नियमांनी नदीचं पात्र, भातखाचरं आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले आहेत. हतनूरच्या जलाशयावर हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात, तरी या नियमांचं छत्र त्याला नाही. ज्या कायद्याची शेतकऱ्याला धास्ती आहे तो त्याच्या नाल्यापर्यंत पोहोचतच नाही. आधार शोधायचा तो गावातच.

हिशेबही पाहा. प्रत्येक शिवारात एखादं लवण असतं, सखल कोपरा असतो. भाद्रपदात तिथे पाणी तुंबतं, कपाशी पिवळी पडते, बियाणं-खताचे पैसे बुडतात, जमीन चिबड होत जाते. पाणथळीसाठी मागायची ती जागा ही. उत्तम काळ्या जमिनीला हात लावायचं कारणच नाही. तिथे पाणी साचू दिलं तर गाळ बसतो, खत-फवारणीचा अंश नाल्यात उतरण्याआधी थांबतो आणि खालच्या विहिरींना ओल मिळते. काठाच्या पट्टीत मारवेल-पवन्याचं गवत, बांबू, करंज, जांभूळ लावलं तर चारा आणि उत्पन्न मालकाचंच राहतं. उलट उघडा काठ प्रत्येक पुरात हातभर सरकतो, आणि त्या जमिनीचा मोबदला कोणीही देत नाही.

तिसऱ्या मताला खानदेशच्या इतिहासानेच उत्तर दिलं आहे. पांझरेवर आणि शेजारच्या बागलाणात मोसम-आरमवर शतकानुशतकं फड पद्धत चालली. ठेंगणा बंधारा, पुराचं पाणी त्यावरून पुढे वाहायचं, खालच्या गावच्या बंधाऱ्याला पोहोचायचं. बंधाऱ्याखालच्या क्षेत्राचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. कोणत्या फडाला किती पाणी, हे शेतकऱ्यांची पंचायत ठरवायची. पाटकरी पाणी सोडायचा, जागल्या राखण करायचा. पाऊस कमी झाला तर पूर्ण फड बंद ठेवायचे, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी. शेतकरी आणि नदी एकमेकांचे वैरी असतात हे ज्याला वाटतं त्याने पांझराकाठ पाहावा. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार यांच्या गावाने जंगल राखलं आणि पाणी परत आणलं. धुळे तालुक्यातल्या लामकानीने डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने चराईबंदी-कुऱ्हाडबंदी केली, तेव्हा उजाड माळावर गवत आलं आणि पाणी मुरू लागलं. या दोन्ही गावांनी कुंपण घालून माणसांना हाकललं नाही. त्यांनी स्वतःवर नियम घालून घेतले.

म्हणून आराखडा असा करावा. यंत्र येण्याआधी नाला उगमापासून संगमापर्यंत पायी पाहायचा, एकदा जेठात आणि एकदा भर पावसाळ्यात. सोबत भूवैज्ञानिक हवा, आणि जुन्या पुराच्या खुणा सांगू शकणारी म्हातारी माणसंही. गावनकाशावर नाल्याची मूळ हद्द, विहिरी, लवणं आणि खचलेले काठ दाखवायचे. कुठे गाळाची भूमी आणि कुठे खडक, हे ठरल्यावरच कुठे खोदायचं आणि कुठे हात लावायचा नाही ते ठरेल. काम वरून खाली. आधी माळावरचं गवत आणि बांध, मग ओहळांवरचे दगडी बांध, शेवटी मोठा नाला. वळणं आणि डोह जसे आहेत तसे राखायचे. लवणाच्या मालकाला ग्रामसभेने पिकाच्या नुकसानीइतकी रक्कम दरवर्षी द्यायची, ती त्या पाण्याचा लाभ ज्यांच्या विहिरींना होतो त्यांच्याकडून गोळा करून. हे कठीण आहे. पण लाभ सगळ्यांचा आणि तोटा एकाचा, असा आराखडा दुसऱ्या वर्षी नांगराखाली जातो.

सर्वांत अवघड नियम राहिला. नाल्यात नि पाणथळीत थेट मोटार टाकायला कडक बंदी हवी. ती नसेल तर सगळ्या गावाने मुरवलेलं पाणी ज्याच्याकडे मोठा पंप आणि केळीचा मोठा मळा आहे त्याच्याकडे जाईल, आणि कोरडवाहू शेतकऱ्याने सोडलेली पट्टी त्याच्याच विरोधात वापरली जाईल. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात कूपनलिका किती खोल गेल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी वाढवण्याची योजना करणाऱ्याने पाणी वाटण्याची योजना त्याच बैठकीत केली पाहिजे. फडवाल्यांनी ती केली होती.

ग्रामपंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या उन्हाळ्यात नाला खोलीकरणाचा ठराव समोर येईल, तेव्हा तीन कागद मागा: नाल्याच्या मूळ हद्दीचा नकाशा, तळाखाली काय आहे याचा भूवैज्ञानिकाच्या सहीचा अहवाल, आणि पाणी कोण किती वापरणार याची ग्रामसभेने मान्य केलेली नियमावली. हे तीन कागद हाती नसतील तर ठरावावर सही करू नका.