गावात मनाचा डॉक्टर शोधताना



“मंचरला नाहीतर नारायणगावात कोणी चांगली काउन्सेलर आहे का गं?” हा प्रश्न मला अधूनमधून येतच असतो, आणि दर वेळी तो कोणाच्या तरी “एका मैत्रिणीसाठी” असतो. मैत्रीण कोण, ते मी विचारत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरची चौकशी आपण स्थानकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून दहा जणींसमोर करतो. ही चौकशी मात्र फोनवर, तीही दुपारी घरातले पुरुष दुकानात गेल्यावर.

लोक म्हणतात, बायका लाजतात म्हणून जात नाहीत. मला हे अर्धेच खरे वाटते. घोडेगाव, ओतूर, आळे, जुन्नर, कुठेही बघा, बाजारपेठेत आपली दुकाने शेजारी शेजारी. डॉक्टरांच्या जिन्याखालचे मेडिकल आपल्याच कोणाच्या भाच्याचे. चिठ्ठीवरचे नाव वाचून त्याला गोळी कशाची ते कळते, आणि त्याला कळले की आठवड्यात सासर-माहेर दोन्हीकडे कळते. घरात नणंदेचा बायोडेटा फिरत असेल तर मग विचारूच नका. ह्याला लाज म्हणण्यापेक्षा मी हिशेब म्हणेन. बाई जे गमावू शकते ते तिने मोजलेले असते. म्हणून “लाजू नका, पुढे या” अशी व्याख्याने देऊन फारसे काही होत नाही. कुठे जायचे, किती खर्च येईल आणि कोणाला कळेल, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे दिली तर ती आपली आपण जाईल.

आधी कोण काय करतो ते पाहू, कारण इथेच मोठा गोंधळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन मनाच्या आजारांचे पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. गोळ्या तो लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. बोलण्याचे शास्त्रशुद्ध उपचार आणि चाचण्या हे त्याचे काम, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आर.सी.आय.कडे नोंदणी असते. ती मागितली तर खरा माणूस रागावत नाही. काउन्सेलर किंवा समुपदेशक ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करून वर्षानुवर्षे उत्तम काम करणारेही त्यात आहेत आणि शनिवार-रविवारचे शिबिर करून प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलेही आहेत. तेव्हा शिक्षण काय, किती वर्षे काम, आणि गोळ्यांची गरज वाटली तर कोणत्या डॉक्टरकडे पाठवता, हे तीन प्रश्न फोनवरच विचारून घ्या. पाच बैठकींत पूर्ण बरे करण्याची हमी देणारा, चालू गोळ्या बंद करायला सांगणारा, किंवा तुमच्या आधी आलेल्या बाईची गोष्ट तुम्हाला रंगवून सांगणारा असेल तर पर्स उचलून बाहेर पडा.

आणि ह्या सगळ्याच्या आधी एक रक्ततपासणी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे नवे नाही. थकवा, चिडचिड, विसराळूपणा, रडू येणे ह्यामागे कधी कधी तेच असते. हे आपला फॅमिली डॉक्टरही करून देतो.

आता कुठे जायचे. मनाच्या आजारांसाठी सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. त्याची रचनाच अशी की जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्यासाठी औंधला, पथक असावे आणि त्याने तालुक्याच्या रुग्णालयांपर्यंत पोचावे. म्हणून मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नारायणगावचे ग्रामीण रुग्णालय जे जवळ असेल तिथे जाऊन विचारा की मानसिक आरोग्याची ओपीडी कोणत्या वारी असते. वार बदलत असतात, म्हणून मी इथे लिहीत नाही. सरकारी दवाखान्याला नाक मुरडणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की तिथल्या गर्दीत तुम्हाला ओळखणारे सर्वांत कमी असतात. केसपेपर काढणाऱ्या शंभर जणांत तुम्ही एक.

दुसरा रस्ता फोनचा. १४४१६. टेली-मानस नावाची ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. समोर प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि गरज असेल तर तो पुढे डॉक्टरशी जोडून देतो. मी म्हणेन पहिली पायरी हीच असू द्या. उपचार सुरू झाला असे नाही, पण जे दोन वर्षे कोणाला सांगितले नाही ते एकदा मोठ्याने बोलून झाले की पुढचे सोपे जाते.

तिसरा रस्ता पुण्याचा. ससूनला मानसोपचार विभाग आहे, खासगी डॉक्टर तर पुष्कळ. मंचरहून साधारण ६० किलोमीटर, जुन्नरहून त्याहून बरेच जास्त, आणि मध्ये चाकणचा ट्रॅफिक ज्याच्याबद्दल न बोललेलेच बरे. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, हा मोठाच आधार. पण दर आठवड्याला पुण्याला जायचे कारण घरात काय सांगायचे? साड्या किती वेळा बदलून आणणार? म्हणून मला मधला मार्ग बरा वाटतो. पहिली भेट पुण्यात समोरासमोर, पुढच्या व्हिडिओ कॉलवर, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा समोर. डॉक्टरांनी व्हिडिओवर तपासण्याचे सरकारी नियम २०२० मध्येच आले आहेत, त्यात बेकायदा काही नाही.

अडचण वेगळीच आहे. एकत्र कुटुंबात पाऊण तास दार लावून बसायची सोय किती जणींना आहे? दार लावले की पाच मिनिटांत कोणीतरी चहाला हाक मारते. मी ऐकलेल्या जागा सांगते: गच्चीवरची पाण्याच्या टाकीमागची सावली, दुकानाचे गोडाऊन, पार्किंगमध्ये उभी केलेली गाडी. एकीने सामायिकाची वेळ वापरली. तेवढाच वेळ तिला घरात कोणी हाक मारत नसे. ह्यावर काही जणी नाराज होतील. मी तिला दोष देणार नाही, पण सासूबाईंच्या हाकेपासून सुटायला दुसरे काही मिळू नये, हे मला फार वाईट वाटले.

पैशांचे आधी विचारून घ्या, फी माणसागणिक बदलते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरायचे आहे. मात्र नुसत्या भेटींचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही, तेवढी अट वाचून घ्या.

आता धर्माचे. कारण खरी अडखळण तिथेही असते. “हे माझे कर्म आहे, भोगूनच संपेल” असे म्हणणारी बाई दाढ दुखली की डेंटिस्टकडे जातेच. असातावेदनीय कर्म दाढेलाही लागू आहे ना? कर्माचा सिद्धान्त मानायचा तर त्यात पुरुषार्थही येतो. आर्तध्यान होते म्हणून स्वतःलाच कोसत बसले तर तेही आर्तध्यानच. आजारामुळे चित्त लागत नसेल तर माळेची संख्या वाढवून काय साधणार?

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे आलोचना आहे. मनातले गुरूंसमोर बोलून टाकायचे. स्थानांग सूत्रात आलोचना ऐकणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत ते सांगितले आहे. त्यांतला एक अपरिस्रावी, म्हणजे ऐकलेले बाहेर पाझरू न देणारा. दुसरा अपव्रीडक, म्हणजे सांगणाऱ्याचा संकोच दूर करणारा. आलोचना म्हणजे थेरपी असे मी म्हणत नाही. ती दोषांसाठी आहे, आणि उदासीनता हा दोष नव्हे, आजार आहे. पण ऐकणारा माणूस कसा निवडावा, हे आपल्याला कुठल्या परक्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. महासतीजींकडे मन मोकळे जरूर करा. झोप, भूक, जगण्याची इच्छा गेली असेल तर त्याच तुम्हाला डॉक्टरकडे पाठवतील, अशी माझी श्रद्धा आहे.

तपाच्या बाबतीत मात्र कडक बोलते. मनाच्या गोळ्या चालू असताना उपवास, आयंबिल, वर्षीतप डॉक्टरांना न सांगता करू नका. लिथियम चालू असलेल्या बाईने तर अजिबात नाही. पाणी कमी पडले, किंवा अळणी आयंबिलात मीठ बंद झाले, की रक्तातले लिथियम वाढते आणि विषबाधेपर्यंत जाऊ शकते. कधी मन अतिशय उंचावर, कधी तळाला असा आजार असेल तर रात्रीची जागरणेही नकोत, मग ती भक्तीची का असेनात. झोप मोडली की तो आजार उसळतो. चोविहार असेल तर रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घेता येईल का ते विचारा. पुष्कळ गोळ्यांचे वेळापत्रक बदलता येते, सगळ्यांचे नाही. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे म्हणजे प्राणिज असते. त्याऐवजी साधी गोळी मिळेल का हेही विचारा. डॉक्टर हसत नाहीत. न विचारता कॅप्सूल कचऱ्यात टाकणाऱ्या बायका मला माहीत आहेत, त्यापेक्षा हे कितीतरी बरे. आणि पच्चक्खाणात सव्वसमाहिवत्तियागार हा आगार काय म्हणून ठेवला आहे? समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक, ती आपल्या पूर्वाचार्यांनीच दिलेली आहे. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत काही होत नाही म्हणून सोडू नका, आणि बरे वाटले म्हणूनही मनाने बंद करू नका.

एक गोष्ट थांबण्याजोगी नाही. घरातले कोणी “आता जगण्यात अर्थ नाही” असे बोलू लागले तर त्यांना एकटे सोडू नका, विषय टाळू नका, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. लगेच १४४१६ किंवा ११२. आणि आपल्यातल्या काही घरांची कृषी सेवा केंद्रे आहेत, मळे आहेत. औषधांच्या बाटल्या कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली तेव्हा तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. तो वाईट तास निघून गेला की माणूस वाचतो.

आता संघाबद्दल. जुन्नर तालुक्यात बिबट्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, बिबट्या दिसला तर कोणाला फोन लावायचा हे पोराटोरांना पाठ आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातले माळीण डोंगराखाली गेले, १५१ माणसे गेली; अशा वेळी आपण तांदूळ, ब्लँकेट, भांडी पटापट गोळा करतो. मनाच्या दुखण्याला अशी यादी आपल्याकडे नाही. आणि ती करणे अवघड नाही, हे इतरांनी दाखवून दिले आहे. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीनतेचे सुमारे ५०० रुग्ण घेतले. त्यातल्या निम्म्यांना साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या माणसांनी सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्यांतले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, भेटी न मिळालेल्यांत ३९ टक्के. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आपल्याच हायवेच्या दुसऱ्या टोकाला, नाशिक जिल्ह्यात, पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयाच्या केंद्राने ‘आत्मीयता’ नावाने गावातल्याच माणसांना असे ऐकायला शिकवले.

म्हणजे दर तालुक्याला दहा मानसोपचारतज्ज्ञ येण्याची वाट पाहायला नको. आपल्या महिला मंडळातल्या दोन-तीन जणी, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशा, प्रशिक्षण घेऊ शकतात. अध्यक्षीणबाईच हव्यात असे नाही, किंबहुना नकोच. पुण्याच्या एका नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ बाईंना पंधरा दिवसांतून एकदा मंचर किंवा नारायणगावला बोलवायचे, फी संघाने भरायची, ज्यांना शक्य त्यांनी डब्यात टाकायची. एका पर्युषणातल्या स्वामीवात्सल्यातून एक गोड पदार्थ कमी केला तर काही महिन्यांची सोय होईल. वैयावच्चाला आपण हात आखडता घेत नाही, हेही त्यातलेच. आणि दार सगळ्यांना उघडे ठेवा, आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही.

खोली कुठे, हा प्रश्न येईलच. स्थानकाची वरची खोली चातुर्मास सोडला तर पुष्कळ ठिकाणी बंदच असते. त्याच दिवशी खाली शिवणक्लास किंवा पाठशाळा ठेवा, म्हणजे जिना चढणारी बाई कशाला आली ते कोणाला कळणार नाही. आतून कडी हवी, पंखा आवाज न करणारा हवा, आणि नावे लिहायची वही नको.