जुना संगणक भंगारात कोणाच्या हुकमाने?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमची नियमित देखभाल थांबविली. नवी ‘विंडोज ११’ घ्यावी, तर इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक संगणक तिच्या अटींत बसत नाहीत. म्हणजे भोसरीतील लघुउद्योजकाचे किंवा चाकणमधील कामगार संघटनेच्या कचेरीतील धडधाकट यंत्र, ते कोठेही झिजलेले नसताना, निव्वळ कंपनीच्या वेळापत्रकानुसार निकामी ठरते! लेथ उत्तम फिरत असताना केवळ विकणाऱ्याच्या सांगण्यावरून तो मोडीत काढणारा कारखानदार या पट्ट्यात सापडणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण सारे निमूटपणे मान तुकवितो.

‘हा तांत्रिक प्रश्न आहे, तो पोरांवर सोपवा,’ असे आपल्यातील काही मित्र म्हणतात. हे म्हणणे मुळीच मान्य होण्यासारखे नाही. सभासदांच्या याद्या, वेतनकरारांचे मसुदे, औद्योगिक न्यायालयातील दाव्यांची कागदपत्रे ज्या यंत्रात आहेत, त्या यंत्राचा अंतिम धनी कोण, हा राजकीय प्रश्न आहे. कित्येक कचेऱ्यांत विंडोजची चोरटी प्रत चालते आणि तिला बंडखोरीचा मान दिला जातो. त्यात बंडखोरी कसली? कंपनीला पैसे मिळत नाहीत एवढेच. सवय तिचीच लागते.

पर्याय उपलब्ध आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. या दोहोंतून उभी राहिलेली प्रणाली कोणीही वाचावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, असे तिचा परवानाच सांगतो. ती फुकट मिळते हा तिचा दुय्यम गुण. पिंपरीला तरी हे तत्त्व परके वाटू नये. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक उद्योग उभा राहिला, तो जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. पेनिसिलीन बनविण्याची विद्या एखाद्या कंपनीच्या तिजोरीतच राहावी, असे तेव्हा मानले गेले नाही.

लिनक्स म्हणजे समाजवाद, असा भाबडा समज मात्र कोणी करून घेऊ नये. गूगल आणि आयबीएम त्याच लिनक्सवर नफा मिळवितात. म्हणूनच निवड डोळसपणे करावयास हवी. आमचे मत ‘डेबियन’च्या बाजूने आहे. १९९३ पासून ती स्वयंसेवक चालवितात, आपला प्रमुख ते दर वर्षी मतदानाने निवडतात (आपल्या किती संघटनांना हे साधते?), आणि सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे.

अडचणी नाहीत असे नाही. टॅली आणि ऑटोकॅड लिनक्सवर थेट चालत नाहीत. ज्या कारखान्याचे काम त्यांच्यावाचून अडते, त्याने त्या एका यंत्रापुरते विंडोज ठेवावे. परंतु त्याचे निमित्त करून पत्रे आणि पत्रके लिहिणाऱ्या उरलेल्या यंत्रांना वेठीस धरू नये. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच मिळतो; पूर्वी श्रीलिपीसारख्या फाँटांत टंकलेला मजकूर तेवढा युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. स्थापना न करताही पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहता येते, त्यामुळे प्रिंटर साथ देतो की नाही, हे आधीच कळते. प्रत्येक कचेरीने आपली वेगळी चूल न मांडता निगडीपासून चाकणपर्यंत एकच प्रणाली घ्यावी, म्हणजे एकाची अडचण दुसऱ्याला सोडविता येईल. जुन्या फायलींची प्रत अन्यत्र घेतल्याखेरीज मात्र कोणी स्थापनेला हात घालू नये.