संथपणात लपायला जागा नसते

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी पाच-सहा जणांनी मिळून ‘एंजल्स एग’ पाहिला. मामोरू ओशी या जपानी दिग्दर्शकाचा १९८५ सालचा, ७१ मिनिटांचा ॲनिमेशनपट. एका ओसाड, ओल्या शहरात एक मुलगी भलंमोठं अंडं झग्याखाली पोटाशी धरून हिंडते. एक तरुण तिच्याबरोबर चालू लागतो. अंड्यात काय आहे ते दोघांनाही माहीत नाही. बोलणं अगदी मोजकं. एका जागी मुलगी झोपलेली आहे, तरुण नुसता बसून आहे, जाळ हलतो आहे, आणि चित्र जागचं हलत नाही. मिनिट उलटलं तरी हलत नाही. आमच्यातले एक जण तिथे उठले. चपला घालता घालता म्हणाले, “खोल-बिल काही नाही हो. सांगायला काही नाही म्हणून हळू चाललंय, आणि काहीतरी असेल असं आपल्याला वाटावं म्हणून अंडं ठेवलंय. ढोंग आहे सगळं.”

हे गृहस्थ वरवर बघणारे नाहीत. आमच्या मिरजेतल्या मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला होणारं गाणं त्यांनी वर्षानुवर्षं चुकवलेलं नाही. संथ आलाप ऐकत रात्र काढणारा माणूस चित्रातल्या एका मिनिटाला ढोंग म्हणतो, तेव्हा त्याला उत्तर देणं मला भाग आहे. आणि ते उत्तर ‘तुम्हाला कळलं नाही’ असं असता कामा नये. संथ चित्रपटांची बाजू घेणारे बहुतेक लोक नेमकं हेच म्हणतात आणि आपल्याच बाजूचं नुकसान करून ठेवतात. समोरच्याला अडाणी ठरवून कुठलीही कलाकृती खोल होत नाही.

सगळ्यांत जड आक्षेप त्यांनी घेतलाच नव्हता, तो माझ्या भाच्याने घेतला. तो पुण्यात ॲनिमेशनच्याच कामात आहे. त्याचं म्हणणं असं, की या धंद्यात संथपणा पुष्कळदा काटकसरीतून येतो. एक चित्र काढायचं, ते सेकंदामागून सेकंद तसंच ठेवायचं, वर संवाद चालू ठेवायचा आणि फक्त ओठ हलवायचे. त्याला ते लोक ‘होल्ड’ म्हणतात. टीव्हीवरच्या कितीतरी मालिका या होल्डवरच जगल्या. मग एखाद्याने तेच केलं आणि संवादही काढून टाकला, तर त्याला चिंतन का म्हणायचं?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तरही त्यानेच दिलं, तेही हातात पेन्सिल घेऊन. “मामा, पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. साधारण एक चित्र दोन चौकटींना पुरवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. आता हात झटकन वर उचलायचा असेल तर चार-पाच चित्रांत काम होतं. मधलं एखादं चुकलं तरी डोळ्याला कळत नाही. तोच हात चार सेकंद घेत हळूहळू वर न्यायचा असेल तर पन्नासच्या आसपास चित्रं लागतात, आणि प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा केसभरच वेगळं. एकात रेघ जराशी सरकली की सबंध हात थरथरतो.” त्याने सहा कागदांवर सहा मनगटं काढली. मला ती सारखीच वाटली. त्याने कागद एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात नेले, तेव्हा चौथं मनगट बाहेर आलेलं दिसलं.

ते पाहिलं आणि मला आमच्याच गावच्या गाण्याची गोष्ट आठवली. द्रुतात एखादा स्वर इकडचा तिकडे झाला तर तानेच्या ओघात निघून जातो. विलंबितात गंधारावर उभं राहायचं म्हटलं की गळ्यातला बारीकसा कंपही बैठकीच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो. कैराण्याहून आलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं, १९३७ साली ते गेले, दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. एकेक स्वर पुरता उमलल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही, या बढतीसाठी त्यांचं गाणं आपण ऐकतो. तो संथपणा कुणी आळस मानत नाही, कारण तिथे चूक लपत नाही हे कानाला ठाऊक असतं. डोळ्याला अजून ती सवय लागायची आहे, एवढाच फरक. आणि संथ म्हणजे लांब, हाही एक गैरसमज. खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका तीन-साडेतीन मिनिटांच्या. तेवढ्यातही घाई नाही.

वाद्यांचंही तसंच. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणी जवारी काढत असेल, म्हणजे आवाज भरून यावा म्हणून तंबोऱ्याची घोडी घासत असेल, तर अर्धा तास उभं राहून बघावं. घोडीच्या माथ्यावर कानस एकदा फिरवायची, भुकटी फुंकायची, तार चढवायची, छेडायची, कान खाली न्यायचा, तार उतरवायची, पुन्हा कानस. तंबोऱ्याच्या तारेखालचं सूत नखाने इतकंसं पुढे सारलं की कोरडा आवाज एकदम भरून येतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल, हा माणूस सकाळपासून तेच करतोय, काहीच घडत नाहीये. घडत सगळं असतं, पण ते ऐकायला शेजारी बसावं लागतं.

ॲनिमेशनचंही असंच. रशियाच्या युरी नॉर्स्टीनचा ‘धुक्यातला हेजहॉग’ हा १९७५ सालचा लघुपट जेमतेम दहा मिनिटांचा. हेजहॉग म्हणजे साळिंदराची आठवण करून देणारा, लहानसा काटेरी प्राणी. तो रोज संध्याकाळी अस्वलाच्या पिल्लाकडे तारे मोजायला जातो, एके दिवशी वाटेत धुक्यात शिरतो. कथा एवढीच. ते धुकं कसं केलं? अगदी पातळ, आरपार दिसणारा कागद चित्रावर ठेवायचा आणि एकेका चौकटीला थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलायचा. कागद वर येतो तसं खालचं चित्र विरत जातं. धुक्याची प्रत्येक लहर अशी बोटांनी उचललेली आहे. चित्रं नॉर्स्टीनच्या पत्नीची, फ्रान्चेस्का यारबुसोवा यांची. ज्याच्याकडे सांगायला काही नाही, तो माणूस हा उपद्व्याप करत नाही.

आता प्रतीकांचं. आक्षेप असा, की अंडं, पाणी, पांढरा घोडा, मासा या वस्तू पडद्यावर मांडायच्या, त्यांचे अर्थ सांगायचे नाहीत आणि न कळणाऱ्याला लाज वाटेल असं बघायचं. असे चित्रपट आहेत, मी पाहिले आहेत. काटे नसलेलं घड्याळ, तुटकी बाहुली, हवेत तरंगणारं पीस, हे सगळं दुकानातून आणल्यासारखं. त्यांना ढोंग म्हणायला मीही पुढे येईन.

पण प्रतीक खरं की उसनं हे ओळखता येतं. अर्थ बाजूला ठेवला तरी ती वस्तू वस्तू म्हणून उभी राहते का, ते बघावं. हेजहॉगला धुक्यात पांढरा घोडा दिसतो. तो मृत्यू, तो आत्मा, असं लोकांनी बरंच सांगितलं आहे. हेजहॉगला मात्र एवढीच काळजी पडते, की हा घोडा झोपायला आडवा झाला तर धुक्यात गुदमरेल का. काळजी घोड्याची आहे, म्हणून घोडा जिवंत आहे. मग त्याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

मुंबईच्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) आपल्या घराजवळचा. एक एकटी म्हातारी, तिचं मांजर आणि तिने जमवलेल्या काडेपेट्या. खोली करड्या रंगाची, काडेपेटीवरच्या चित्रात शिरलं की रंग. चौकटीमागून चौकट बाईंनी स्वतः रंगवली, पंधरा मिनिटांच्या चित्रपटासाठी वर्षं घातली. कान चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तो गौरवला गेला. पण मला त्यातली काडेपेटी महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. आजीच्या हाताशी असलेलं ते एकमेव छापील चित्र. (आपल्याकडच्या ॲनिमेशनच्या आरंभीही दादासाहेब फाळक्यांची १९१५ सालची ‘आगकाड्यांची मौज’ आहे. काड्यांपासून निघून काडेपेटीपर्यंतचा हा प्रवास मला फार लोभस वाटतो.) म्हातारीच्या खोलीत फार काही घडत नाही, कारण तिच्या दिवसात फार काही घडत नाही. तो वेळ कापला असता तर पेटीतला रंग आपल्याला भेटलाच नसता.

‘एंजल्स एग’ सगळाच निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तरुण बायबलातल्या महापुराची गोष्ट सांगत बसतो, नोहाने पाठवलेला पक्षी परतलाच नाही अशी, तेव्हा चित्रपट स्वतःचीच टीप वाचून दाखवतोय असं मला वाटतं. तिथे माझी त्या गृहस्थांशी सहमती आहे. त्याउलट भिंतींवरून पोहत जाणाऱ्या प्रचंड माशांच्या नुसत्या सावल्यांवर कोळी धावत सुटतात, भाले फेकतात आणि भाले दगडावर आपटतात. एक शब्द न बोलता तो प्रसंग अंगावर येतो. एकाच चित्रपटात उसनं आणि अस्सल शेजारी शेजारी असू शकतं. म्हणून ‘संथ चित्रपट’ नावाच्या सबंध जातीला एकदम ढोंगी किंवा एकदम थोर म्हणणं मला मान्य नाही.

पण जाळाजवळचं ते मिनिट अस्सल होतं, याबद्दल मला शंका नाही. परवा ते गृहस्थ चहाला आले, तेव्हा मी त्यांना सांगितलं, की तुम्ही उठलात त्यानंतर तो तरुण उठतो आणि झोपलेल्या मुलीचं अंडं फोडतो.

“फोडलं?” त्यांनी कप खाली ठेवला.

“फोडलं. ती झोपेत असताना.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे तो बसला होता तेव्हा त्याने ठरवलं. तेव्हा त्याचा हात कुठे होता?”

मला सांगता आलं नाही. येत्या रविवारी आम्ही ते मिनिट पुन्हा लावणार आहोत.