विश्लेषण : वीज गेली की इंटरनेटही का जाते? राउटरसाठी बॅकअप कसा निवडावा?

मराठवाड्यात मान्सूनपूर्व वादळे आणि शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश एकाच सुमारास येतात. दौलताबादसारख्या गावात जूनमध्ये वीज गेली, की सेवा केंद्रातला लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्यासाठी आलेल्यांना परतावे लागते. अर्जाची मुदत मात्र थांबत नाही.

फायबरला वीज लागते का?

फायबरला लागत नाही. जीपॉन पद्धतीत एक्स्चेंजपासून ग्राहकापर्यंतचे स्प्लिटरही विजेविना चालतात. वीज लागते ती दोन टोकांना. एक्स्चेंजला बॅकअप असेल, तर ग्राहकाने आपले ओएनटी आणि राउटर चालू ठेवले की पुरते. मात्र काही केबलचालक वाटेतल्या पेटीत विजेवर चालणारा स्विच बसवतात. तो बंद पडला, तर घरातल्या बॅटरीचा उपयोग शून्य. म्हणून खरेदीआधी ऑपरेटरलाच विचारावे. त्याच ऑपरेटरची जोडणी असलेल्या शेजाऱ्यांकडे इन्व्हर्टर असेल, तर वीज गेल्यावर त्यांच्या ओएनटीवरचा ‘एलओएस’ दिवा लाल होतो का, हे पाहिले तरी उत्तर मिळते.

यूपीएस की डीसी बॅटरी?

संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार पेलतो. राउटर आणि ओएनटी मिळून १५ ते २० वॉटच घेतात. तरीही यूपीएस दिवसभर पुरत नाही. त्यातील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॉट-तास मावतात आणि बॅटरीची डीसी वीज २३० व्होल्ट एसी करून अडॅप्टरमध्ये पुन्हा डीसी करण्यात त्यातला बराच भाग वाया जातो. राउटरला थेट १२ व्होल्ट देणारा छोटा डीसी यूपीएस हा फेरा टाळतो. फक्त राउटर चालवायचा असेल तर तोच बरा. प्रिंटरही चालवायचा असेल तर इन्व्हर्टरला पर्याय नाही. त्यावरचे बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवावे, नाहीतर वीज बदलताना राउटर रीस्टार्ट होतो.

पाकिटावरचा आकडा खरा किती?

‘१०,००० एमएएच’ हा आकडा बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, १२ व्होल्टचा नव्हे. म्हणजे ३७ वॉट-तास. १५ वॉटच्या भारावर नुकसान धरून जेमतेम दोन तास. घेताना वॉट-तास विचारावेत आणि अडॅप्टरवरचे व्होल्ट व अँपिअर जुळवावेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

उन्हाचे आणि विजांचे काय?

शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की जवळपास निम्मे होते. पत्र्याखालच्या बंद कपाटात ती ठेवणे म्हणजे दर उन्हाळ्यानंतर नवी घेणे. वीज कोसळल्यास बॅकअप वाचवेलच असे नाही. चांगले अर्थिंग हवेच. शिवाय दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल टाकली असेल तर तिच्यातूनही झटका येतो. तिथे फायबरच टाकावी, कारण काचेतून वीज वाहत नाही.