मायेची माणसं

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचा कॅनकून ट्रिपचा अल्बम न बघताही सांगता येतो. फोटो नंबर एक : निळाशार समुद्र. नंबर दोन : रिसॉर्टचा पूल आणि हातात छोटी छत्री खोचलेला ग्लास. नंबर तीन : मागे भलामोठा दगडी पिरॅमिड आणि पुढे टोपी-गॉगल घातलेलं अख्खं कुटुंब. खाली कॅप्शन, 'द लॉस्ट सिव्हिलायझेशन!'

हा तिसरा फोटो मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाचा. पिरॅमिड अस्सल आहे आणि टोपीही हवीच, कारण तिथे सावली औषधालाही मिळत नाही. कॅप्शनचं मात्र काही खरं नाही. फोटोच्या चौकटीबाहेर लाकडी जग्वार विकणारी जी बाई उभी असते ना, ती बहुतेक वेळा माया असते. ज्यांना आपण 'लॉस्ट' म्हणतोय, त्यांच्याशीच आपण दहा मिनिटं घासाघीस करून आलेलो असतो!

आधी बघण्यासारखं काय ते सांगते, नाहीतर तुम्ही पान उलटाल. कुकुल्कानचा पिरॅमिड साधारण 30 मीटर उंच. चार बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या, वरचा चौथरा धरून बरोब्बर 365. दगडात बांधलेलं कॅलेंडरच म्हणा. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास उतरत्या उन्हात उत्तरेकडच्या जिन्याच्या कडेवर उजेडाचे त्रिकोण पडतात आणि एक साप सळसळत खाली येतोय असं दिसतं. जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवलीत, तर प्रतिध्वनी क्वेत्झाल पक्ष्याच्या हाकेसारखा येतो. सॉलिड प्रकार आहे! वर चढायला बंदी आहे, त्यामुळे नव्याने जिम लावलेल्यांनी हुरळून जाऊ नये.

या लोकांचं गणितही भन्नाट. एक टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शंख-शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य. होय, शून्य! आपल्याशी काडीचा संबंध नसताना त्यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. मोजणी विसाची. आपल्याकडे जुन्या बाजारात 'कोडी' म्हणजे वीस नग, तसंच काहीसं.

आता मुद्द्याचं. कॅनकूनहून बसने जाऊन-येऊन हे सगळं एका दिवसात उरकता येतं. सुमारे 200 किलोमीटर, मध्ये बुफे लंच, परत येताना झोप. मी तसं केलं नाही. जवळच्या वायादोलिद गावात दोन दिवस राहिले आणि तिथला एक माया गाइड घेतला. साठीचे गृहस्थ. मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणत होते. सकाळी आठला गेट उघडायच्या वेळी भेटले आणि म्हणाले, 'बिश अ बेल?'

म्हणजे 'कसे आहात?' पण शब्दशः अर्थ 'तुमचा रस्ता कसा आहे?' प्रवासाला निघालेल्या माणसाला याहून छान काय विचारणार? जंगलातून चुन्याच्या दगडाचे पांढरे रस्ते बांधणाऱ्यांची ही भाषा आहे. कोबापासून याशुनापर्यंतचा त्यांचा एक रस्ता जवळपास 100 किलोमीटर लांब होता.

काका पिरॅमिडपेक्षा भाषेवरच जास्त बोलले. 1562 मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने मायांची पुस्तकं जाळली. आज जगात फक्त चार शिल्लक आहेत. लिपी वाचणारंही कुणी उरलं नाही. पण गंमत बघा, त्याच लांदाने लिहून ठेवलेल्या अक्षरांच्या यादीवरून 1952 मध्ये युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने लिपी उलगडायची वाट दाखवली. त्या वाटेने पुढे जाता आलं, कारण भाषा घराघरात जिवंत होती. दगड बोलायला लागले ते स्वयंपाकघरात टिकलेल्या शब्दांमुळे!

मग ही माणसं गेली कधी? कुठेच गेली नाहीत. नवव्या शतकात दक्षिणेकडची मोठी शहरं ओस पडली, दुष्काळ हे त्याचं एक मोठं कारण. उत्तरेत चिचेन इत्झा त्यानंतरही गजबजलेलं होतं. मायांचं शेवटचं स्वतंत्र राज्य स्पॅनिशांनी जिंकलं ते 1697 मध्ये. म्हणजे इकडे जिंजीला मोगलांचा वेढा पडला होता, तेव्हा तिकडे एक माया राजा गादीवर होता. आज एकट्या मेक्सिकोत युकातेक माया बोलणारे सात लाखांहून जास्त आहेत. ग्वाटेमाला आणि बेलीझमधल्या तिच्या बहिणी वेगळ्याच. आणि चिचेन इत्झाच्या मुख्य वास्तूंखालची जमीन? ती 2010 पर्यंत खासगी मालकीची होती. त्या वर्षी युकातान राज्याने ती विकत घेतली.

दुपारी काकांच्या ओळखीच्या घरी जेवलो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेला, त्याच्या हातावर थापलेल्या गरमागरम टॉर्टिया. केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत शिजवलेलं मांस. अलिबागची पोपटी आठवली. सोबत हाबानेरो मिरची, आपल्या लवंगीला रडवेल अशी. घरातली आजी फक्त मायाच बोलत होती. काका तिच्याशी माया, सुनेशी स्पॅनिश, माझ्याशी इंग्लिश. नात टीव्हीसमोर. आजीने तिला काहीतरी विचारलं, तिने स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. काका हसत म्हणाले, "हिला सगळं समजतं, पण बोलत नाही. आम्हाला शाळेत माया बोललं की छडी मिळायची. हिला कुणी मारत नाही, तरी बोलत नाही."

मला पुण्या-ठाण्यातली किती घरं आठवली म्हणून सांगू! आजी मराठीत विचारते, नातू इंग्लिशमध्ये उत्तर देतो आणि आपण कौतुकाने हसतो. आपली लोकसंख्या मोठी, आपल्याला अजून घाई वाटत नाही. तिथे मात्र दर जनगणनेत माया बोलणाऱ्यांचं प्रमाण घटतंय.

म्हणून जाणार असाल तर एवढंच करा. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा सहसा लागत नाही, पण निघण्याआधी तपासा. एक मुक्काम वायादोलिदला ठेवा. गेट उघडताच आत शिरा, अकरानंतर बसची जत्रा भरते. लायसन्सवाला माया बोलणारा गाइड मागा, त्याचे पैसे वाचवू नका. पाणी आणि टोपी न्याच.

आणि लाकडी जग्वारची किंमत विचारण्याआधी त्या बाईंना 'बिश अ बेल?' म्हणा. उत्तर 'मालोब' असं येईल, म्हणजे 'छान'. नंतर पाच मिनिटं त्या काय काय बोलतील, त्यातलं तुम्हाला ओ की ठो कळणार नाही. ऐकत राहा. शेकडो वर्षांचे दगड तुम्हाला कुठल्याही फोटोत दिसतील, हा आवाज मात्र तिथेच ऐकायला मिळेल.